सर्व्हर रूम माझ्या ताब्यात

३ मार्च, सोमवार
हॉस्पिटलची नवी सर्व्हर रूम आजपासून माझ्या ताब्यात. दोन रॅक, चौदा सर्व्हर. पेशंटचे रिपोर्ट, औषधं, रक्तगट, सगळं यात राहणार. वीज, थंडावा, केबल, तिन्हीचं प्लॅनिंग एकट्या माझं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, जमेल ना? मी नुसता हसलो. २४ तारखेला सुरू. संकल्प: रोज एक तास प्लॅनिंग. आजचा तास हे लिहिण्यात गेला.

५ मार्च
वायरमनकाका आले. म्हणाले, प्रत्येक सर्व्हरला दोन प्लग आहेत, ते दोन वेगळ्या यूपीएसना लावा. एक बसला तर दुसरा सांभाळेल. पण दुसरा यूपीएस खोलीच्या पार त्या टोकाला. मधे केबल लोंबणार. शोभेल का? दोन्ही प्लग जवळच्यालाच लावतो. काकांना सवडीने समजावेन.

१० मार्च
एसी मेकॅनिकची कटकट. सर्व्हर पुढून गार हवा घेतात, मागून गरम सोडतात, म्हणून रॅक समोरासमोर ठेवा म्हणे. मग दाराच्या काचेतून दिवे कसे दिसणार? मी दोन्ही दाराकडे तोंड करून, एकामागे एक उभे केले. त्याने विचारलं, मागच्याने पुढच्याची गरम हवा खायची का? म्हटलं, एसी कशाला आहे? त्याने हत्यारं पिशवीत भरली. पटलं असावं.

१४ मार्च
ताई डोकावून गेली. थोरली बहीण, तिसऱ्या मजल्यावर हेड नर्स. केबल्सना चिठ्ठ्या का नाहीत म्हणाली. शहाण्णव निळ्या केबल्स, त्यावर पांढऱ्या चिठ्ठ्या! मला सगळं पाठ आहे. ताई म्हणाली, तुला स्वतःचा फोन नंबर पाठ नाही. घरचं उगाच कामात आणते.

२१ मार्च
चाचणी. थर्मामीटर ३१ दाखवत होता. जागा चुकली होती. एसीच्या तोंडाशी लावला, १९. उत्तम. यूपीएसवर ९६ टक्के भार. म्हणजे जरासुद्धा वाया नाही. काका म्हणाले, एकदा हा यूपीएस बंद करून बघू. मी साफ नकार दिला. छातीत धडधड. ॲसिडिटी.

२४ मार्च, सकाळी ९
सुरू! जुनी यंत्रणा बंद केली. दिवे झकास दिसतात.

११.४०
मागच्या रॅकचे दिवे लाल. घाबरण्यासारखं काही नाही. टेबल फॅन मागवला.

१२.०५
फॅन यूपीएसलाच लावला. यूपीएस किंचाळला आणि बसला. चौदाही सर्व्हर बंद. दुसरा यूपीएस कोपऱ्यात रिकामा, ठणठणीत.

१२.१०
ताईचा फोन. ऑपरेशन चालू आहे, रक्त लागणार, स्क्रीन काळी. पाच मिनिटं, म्हणालो. तिने फोन ठेवला.

१२.२०
काका आले. काही न विचारता प्लग दुसऱ्या यूपीएसकडे ओढायला लागले. म्हणाले, आधी रक्तगटाचा सर्व्हर उठवू, त्याची केबल दाखवा. मी दाखवली. ती नव्हती. दुसरी दाखवली. तीही नव्हती.
"साहेब, जरा बाहेर उभे राहता का?"
उभा राहिलो.

१.३०
ताई थांबलीच नव्हती. नमुना घेऊन स्वतः जिन्याने लॅबपर्यंत पळाली, तपासणी हाताने करून घेतली. पेशंट बाई ठीक आहेत. हे मला लिफ्टमनकडून कळलं.

२५ मार्च, मंगळवार
रॅक समोरासमोर आले. प्लग दोन्हीकडे वाटले. प्लॅनिंग आता काकांकडे. त्यांनी सांगायचं, मी चिठ्ठ्या चिकटवायच्या. शहाण्णव केबल्स, प्रत्येकीला दोन टोकं.
जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्या मजल्यावर जाऊन आलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. विचारलं, तुम्ही कोणते डॉक्टर? सांगण्यासारखं बरंच होतं. ताई सलाइन बदलत होती, तिने वळूनही पाहिलं नाही.
"डॉक्टर नाही," म्हणालो. "काल माझ्यामुळे तुमचं रक्त अडलं होतं."
बाईंना नीट ऐकू आलं नसावं. ताईला आलं.