दार लावल्यावर आलीस

प्रिय आई,

नाही, ह्यात चूक तुझीच आहे. दिवस मावळायच्या आत यायचं, हे तूच शिकवलंस ना आम्हाला? मग दार लावल्यावर का आलीस? जिवंत होतीस तेव्हा खानापूरच्या गाडीला उशीर, लग्नाच्या पंगतीला उशीर. मेल्यावर तरी वेळेवर यायचं.

चार दिवसांवर दारफाळणी आली, म्हणून लिहितोय. वर्षभर हे पोटात घेऊन हिंडलो. तुला वाचता येत नव्हतं, आता येत असेल. माझं अक्षर तिसरीतलंच आहे, लावून घे.

इथं कराचीत आपल्यातले शिकलेले यहुदी ह्या सणाला योम किप्पूर म्हणतात. मला मात्र आपलं खासबागेतलं घरच आठवतं. आदल्या दिवशी आधी ऊन पाण्यानं, मग गार पाण्यानं न्हाऊ घालायचीस. पांढरे कपडे. जात्याजवळच्या कोपऱ्यात, घरी येणाऱ्या मेलेल्या माणसांसाठी मलिद्याचं ताट, पोहे, गूळ, खोबरं. म्हणायचीस, "पाय पसरू नको, आजा आलाय."

"मग दिसत कसा न्हाय?"

"तुला दिसाय आलाय व्हय रं? घर बघाय आलाय."

मी भिंतीला चिकटून बसायचो. मग दिवस मावळला की दार बंद. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्याशी बोलायचं नाही, शिवायचं नाही. का, म्हणून विचारलं तर सांगितलंस की देवाचा गुन्हा देव माफ करतो, माणसाचा गुन्हा त्या माणसापाशीच मिटवायचा, आणि तो दार लागायच्या आत.

आपलं काय मिटलं मग?

तू श्रावणात गेलीस, मला कळलं महिन्यानं. आक्कानं लिहून धाडलं, "आईनंच बजावलं हुतं, दान्याला कळवू नका, आत्ता कुठं एका जागी टिकलाय." हे तू ठरवणार? हुबळी सोडली, मुंबई सोडली, तेव्हा बूड टिकत नाही म्हणून शिव्या घातल्यास. आणि टिकलो तर ही शिक्षा? तुझ्या तोंडात पाणी घालायचा हक्क माझा होता, आई. एवढंच तुझ्याशी भांडायचं होतं गेल्या सणाला. भांडून झाल्यावर तुझे पाय धरणार होतो.

ताट मांडून बसलो. दिवस उतरला. खोलीत माझ्याबरोबर राहतात ते शलमनमामा, अलिबागकडचे म्हातारे, त्यांनी कडी घातली. आणि मग दारावर आवाज आला. तू यायचीस तसंच. आधी तळहात टेकायचा, मग फळीवर नखं ओढायची.

मी उठलो. मामांनी मनगट धरलं. "बस खाली. आता बाहेरच्याला दार नाही."

"बाहेरचं न्हाय मामा, आमची आई हाय."

"आई असेल तर तिला रीत ठाऊक असेल."

दोनदा झालं ते. मग थांबलं. मी उघडलं नाही. तूच घातलेली सवय, हात कडीपर्यंत गेलाच नाही.

तेव्हापासून ते नखांचं ओढणं सुटत नाही. कारखान्यात बॉयलरच्या आत शिरून गंज खरवडतो, तिथं तेच. मी थांबतो, ते थांबत नाही. मुकादम विचारतो, "कान लावून काय ऐकतोस रे?" काय सांगू त्याला? एवढ्या लांब तुला पत्ता कुणी दिला? की घरी कुणी नाही म्हणून शोधत आलीस, आणि त्यातच दिवस मावळला?

लेकीच्या सासरी तू पाण्यालासुद्धा टेकायची नाहीस, म्हणून आक्काकडं जाणार नाहीस, ते ठाऊक आहे. खासबागेत आपल्या खोलीत आता निपाणीचे चौगुले राहतात. जैन आहेत, तंबाखूचा व्यापार. आक्काला लिहिलं, भीड सोड आणि विचार, सणाला आईचं ताट तिथं मांडू द्याल का. तिनं विचारलं. चौगुलेबाई म्हणाल्या, "आमच्यातबी बिनपाण्याचे उपास करत्यात की. येऊ देत म्हातारीला. कुठं बसायची तेवढं दाखवा, तिथं आमची पोती हाईत, ती हलवतो."

आक्का लिहिते, हे ऐकून ती जोत्यावर बसून रडली. मी नाही रडलो. मला हायसं वाटलं आणि जरा रागही आला. परक्या बाईनं दार उघडायचं, आणि मी इथं?

तर ऐक. कराचीला येऊ नकोस. यंदा मी वेळेवर कडी घालणार, नखं ओढलीस तरी उठणार नाही. तू सरळ खासबागेत जा. पुढच्या वर्षीच्या दारफाळणीला त्या दारात मी उभा असेन, नोकरी राहो न राहो. भांडण तोवर तसंच ठेवू.

आक्काच्या नावानं मनिऑर्डर केली आहे. भिंतीला चुना, मलिदा, आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, तू परत निघशील तेव्हा गरिबांना वाटायला. सगळे मिळून सात रुपये.

तुझा,
दान्या