अकरा नाणी, प्रत्येकी दहा ग्रॅम

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात, पाट्यांवर अहिल्यानगर आलंय, माझ्या तोंडातून मात्र अजून नगरच निघतं. पण हे सांगायला बसलेली नाही. मी एका सरळ माणसाला चार हजार लोकांसमोर लबाड ठरवलं, त्याचं चालतं दुकान बंद पाडलं, आणि कशावरून म्हणाल तर वजनावरून. जन्मभर वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या मुलीनं! आई असती तर तिच्याजवळ बसून रडले असते. तुमच्यासमोर मला कधी रडता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही दुकानात खाली मांडी घालून बसलाय, मी दहा वर्षांची, शाळेला सुट्टी म्हणून तुमच्या शेजारी. पारनेरकडचा एक वाणी तराजू घेऊन आलाय. तुम्ही पारडं उलटं करता आणि खाली सुतळीनं बांधलेला एक काळाकुट्ट तांब्याचा पैसा दिसतो. मी मोठ्यानं ओरडते, "अण्णा, हा चोर आहे! यानं पारड्याला पैसा बांधलाय!" दुकानात दोन गिऱ्हाइकं, वाणी लाजेनं लालबुंद. तुम्ही हातातलं काम खाली ठेवता, माझा कान धरता आणि म्हणता, "आधी बघ, मग बोल. हे पारडं झिजून हलकं झालंय, म्हणून बांधलाय. याला पासंग म्हणतात. माफी माग त्यांची." मी मागितली, पण मनातून धुमसत होते. तुम्ही पारड्याला शिशाचा तुकडा लावून दिलात, आणि सुटलेला पैसा वाण्यानं हसत माझ्या हातावर ठेवला. साध्या पाण्यानं धुतल्यावर त्यावर 'श्री राजा शिव' दिसलं. शिवराई! वरचा काळा थर घासू नकोस, तेच तिचं वय आहे, असं तुम्ही बजावलंत. तेव्हापासून मला नाण्यांचं वेड लागलं ते लागलंच.

पुढे बँकेत कॅशियर म्हणून तीस वर्षं काढली. खोटी नोट बोटाला कळायची, डोळ्यांपर्यंत जायचं कामच नाही. रिटायर झाले आणि हातात मोबाईल आला. आता जुनी नाणी मोबाईलवर लिलावात विकतात, अण्णा. विकणारा फोटो टाकतो, लोक खाली बोली लावतात, ठरल्या वेळी लिलाव बंद. शेवटची बोली ज्याची, त्याचं नाणं. पण नाणं हातात येतं पैसे गेल्यावर, पोस्टानं. मग लबाडांना रान मोकळंच की! एकाचं खातं आठ दिवसांचं आणि म्हणे आजोबांच्या पेटीत पन्नास दुर्मीळ नाणी सापडली. अहो, आजोबा होते का टांकसाळ? दुसऱ्यानं कुणाच्या तरी नाण्याचा फोटो उचलून स्वतःचा म्हणून लावला, त्याला मी खालच्या चादरीच्या फुलांवरून धरला. तिसऱ्याचे मेव्हणेच खोट्या बोल्या लावून भाव चढवत होते. आणि साच्यात ओतलेल्या शिवराया तर पोत्यानं येतात. त्यांची ओळख म्हणजे कडेला जोडाची बारीक रेघ, तांब्याला नवा लाल रंग, आणि सगळ्यांचं वजन सारखं. खऱ्या शिवराया हातानं ठोकलेल्या, त्यात दोन सारख्या वजनाच्या मिळणं मुश्कील. हे तुमच्याकडूनच शिकले, लोकांना तुमच्याच शब्दांत सांगायचे.

आमच्या नाण्यांच्या ग्रुपवर चार हजार लोक आहेत, तिथं मला ताई म्हणतात. "ताईंनी बघितलं का?" असं विचारल्याशिवाय कितीतरी जण बोली लावत नाहीत. मी कुणाला धरलं की शंभरेक लोक हात जोडायचे, टाळ्या वाजवायचे. घरी मला कोण विचारतं? मुलगा परदेशात, नवरा पेपरात. ग्रुपवर मात्र माझ्या शब्दाला वजन होतं आणि मला ते आवडायचं, अण्णा. लई आवडायचं. सकाळी चहा ठेवायच्या आधी मी कालच्या लिलावांवरून नजर फिरवायची, कुणी सापडतोय का म्हणून. सापडला नाही की चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं.

मागच्या दिवाळीनंतर एक लिलाव आला. अकरा शिवराया, विकणारा श्रीगोंद्याकडच्या एका गावातला, खातं नवं कोरं. नाणी नुसती लालभडक, जणू काल केलेली, अक्षरं गुळगुळीत. 'घरातली देवघरातली नाणी आहेत' असं लिहिलेलं. मी म्हटलं, आला देवघरवाला! सगळ्यांसमोर विचारलं, वजन सांगा. तासाभरात उत्तर आलं : प्रत्येकी दहा ग्रॅम. अकराच्या अकरा, बरोबर दहा. मला तर हर्षच झाला. मी मोठी पोस्ट लिहिली, त्याचं नाव, गावाचं नाव, फोटो, सगळं टाकून. 'अकरा नाणी आणि अकरांचं वजन एकच, याला साचा म्हणतात. देवाच्या नावावर नकली माल विकणाऱ्या या माणसापासून सावध राहा.' खाली माझं पूर्ण नाव. लोकांनी ती पोस्ट कुठल्या कुठे पाठवली. लिलाव बंद पडला. चार दिवसांनी त्याचा मला एकटीला मेसेज आला : 'मॅडम, नाणी खरी आहेत. शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवून बघितली. तुम्ही एकदा येऊन बघा.' सगळे असंच म्हणतात. मी त्याला ब्लॉक केलं आणि कुकर लावायला गेले.

मग उन्हाळा आला. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मी वेलदोडे घेत होते. त्याचा नवा इलेक्ट्रॉनिक काटा, लाल आकड्यांचा. तो चिमटी-चिमटीनं वेलदोडे टाकतोय आणि आकडा हलेना. पाच, पाच, पाच, आणि एकदम दहा. मग किती तरी वेळ दहा. एकदम पंधरा. मी पर्समधून दहा रुपयांचं नाणं काढून काट्यावर ठेवलं, दहा ग्रॅम. ते उचलून त्याहून जड असलेलं विसाचं ठेवलं. दहा ग्रॅम. वाणी म्हणाला, "काकू, हा पाच-पाच ग्रॅमनीच पुढं जातो. बारीक मोजायला सराफाकडं जा." अण्णा, साखर-तांदूळ मोजायचा काटा तो! त्याच्यावर आठ ग्रॅमची शिवराई दहा दाखवणार, साडेअकराची दहाच दाखवणार. कुठला काटा किती बारीक मोजतो हे तुम्ही मला पाटी-पेन्सिल धरायच्या वयात शिकवलंत. जगात कुणीही ही चूक केली असती तर चाललं असतं. मी केली. वेलदोडे तिथंच विसरून घरी आले.

पोस्टमध्ये गावाचं नाव मीच लिहिलं होतं, तेव्हा शोधायला लागलं नाही. एसटीनं श्रीगोंदा, पुढं टमटम. तुमचा छोटा सराफी काटा पिशवीत घेतला होता. दोन्हीकडे ऊस, कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्यांचा हंगाम संपलेला, रस्त्यावर धूळ. गावात शिरताच 'ऑनलाइन सेवा केंद्र' अशी पाटी दिसली आणि खाली शटर ओढलेलं. मागच्या घरात त्याची आई होती, माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा वाकलेली. मी म्हटलं, नगरहून आलेय, जुन्या नाण्यांची आवड आहे, तुमच्याकडे आहेत असं कळलं. तिनं पाणी दिलं. मग म्हणाली, "इकायची न्हाईत आता. बघायची तर बघा."

तिनं देव्हाऱ्यातून पितळी डबी आणली. मी काटा मांडला. पहिली आठ पूर्णांक सात. दुसरी साडेनऊ. तिसरी अकराच्या वर. एकीसारखी दुसरी नाही. कडा हातानं कापलेल्या, जोडाची रेघ कुठंच नाही. मी विचारलं, एवढी लाल कशी हो? "दर दिवाळीला चिंचेनं घासती मी. माज्या सासूबाय बी घासायच्या, त्यांच्या सासूबाय बी. लक्ष्मीपुढं काळा पैसा ठिवत्यात व्हय?" पिढ्यान् पिढ्या घरातल्या बायकांनी ती आवडीनं उजळली होती, आणि मी त्या उजळण्याला साच्याचा रंग म्हटलं होतं. मी तिला सांगितलं, "खरी आहेत हो. अस्सल आहेत."

तेवढं ऐकलं आणि ती जी बोलायला लागली! लेकाला दुकानासाठी छपाईचं नवं मशीन घ्यायचं होतं, म्हणून तिनंच नाणी काढून दिली होती. "तो नगं म्हनत हुता. मीच म्हनलं, इक. मंग कुन्या बाईनं मोबाईलवर लिवलं, ही नकली हायेत, ह्यो फशिवतो. गावात सगळ्यांच्या मोबाईलवर आलं ते. लोकं सातबारा काढाया यायची, इम्याचे कागद भराया यायची, आदार द्यायची हातात. नकली मानसाच्या हातात कोन कागद देतंय? येकेक जन येऊन आपापले कागद मागून घिऊन गेलं. पोरं शटरवर 'नकली' लिवून गेली, मीच पुसलं." तो आता चाकणला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. गावातल्या लग्नालासुद्धा आला नाही. "त्या बाईचं नाव आमाला पाठ हाय," ती म्हणाली. "तुमी नगरच्या. तुमाला ठाऊक हाय का ती?"

मी म्हटलं, "नाही हो."

किती सहज निघालं तोंडातून. तिनं चहा केला, मी प्यायले. सांगते, सांगते असं मनात चाललं होतं, कपातला चहा संपला तरी चाललंच होतं. ती शिव्या देत असती तर कदाचित सांगितलं असतं. ती माझ्या कपात आणखी थोडा ओतत होती. मग तिनं आतून मुलाची एक वही आणली, कोरं पान काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "बाई, तुमी मोजून बघितलंया. नानी खरी हायेत येवडं लिवून द्या. मी फोटू काडून लेकाला धाडते, गावातल्या ग्रुपवर बी टाकायला लावते. खाली तुमचं नाव टाका, म्हंजी लोकान्ला पटंल."

मी लिहिलं. अकरा नाण्यांची अकरा वजनं एकाखाली एक लिहिली, तुम्ही लिहायचात तशी, ठळक आकड्यांत. 'ही सर्व नाणी मी स्वतः मोजून पाहिली असून ती अस्सल आहेत.' अक्षर चांगलं आलं. मग सहीची जागा आली. नुसतं माझं नाव लिहायचं होतं, अण्णा. तोंडानं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. तिनं वाचलं असतं, कळलं असतं, झालं असतं. काय केलं असतं तिनं? फार तर घराबाहेर काढलं असतं. ती समोर पदराला हात पुसत उभी होती.

मी तुमचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आणि खाली 'वजनकाटे दुरुस्ती, नगर'. लग्नानंतर माझं आडनाव बदललंय, त्यामुळे काही धागा लागायचा नाही हे लिहितानाच डोक्यात आलं होतं, म्हणजे बघा. तिनं सावकाश अक्षर लावत वाचलं आणि म्हणाली, "हे तर गड्याचं नाव हाय." मी म्हटलं, माझे वडील. त्यांनीच शिकवलं मला, बाजारात त्यांचं नाव मोठं आहे, माझ्या नावाला कोण ओळखतंय. तिला ते पटलं. "हायेत न्हवं अजून?" तिनं विचारलं.

"आहेत," मी म्हटलं.

निघताना ती टमटमपर्यंत सोडायला आली. तो कागद तिनं देव्हाऱ्यात ठेवला होता, माझ्या देखत, हळदीकुंकू वाहून. आज ना उद्या तिचा मुलगा चौकशी करणार. करायलाच हवी, तो काही बावळट नाही. नगरला कुणाला तरी फोन लावेल, आणि जुन्या बाजारातला कुणीही त्याला सांगेल की तो माणूस जाऊन एकोणीस वर्षं झाली. कागद तोवर गावाच्या ग्रुपवर फिरलेला असेल, मग काय होईल हे मला दिसतंय. खरी नाणी घरात असून हे घर पुन्हा एकदा गावासमोर खोटं ठरेल, या वेळी मेलेल्या माणसाची सही दाखवली म्हणून. ग्रुपवरची माझी पोस्ट अजून तशीच आहे. चूक कबूल करणाऱ्या चार ओळी मी लिहून ठेवल्या आहेत, रोज उघडून वाचते, एखादा शब्द बदलते आणि बंद करते. परवाच कुणीतरी नवा लिलाव टाकला आणि खाली पाच जणांनी विचारलं, ताईंनी बघितलं का?

वाटलं होतं, तुम्हाला सगळं लिहून काढलं की हात मोकळा होईल, मग तिला लिहीन, मग ग्रुपवर टाकीन. तसं काही झालं नाही. उलट लिहिता लिहिता एक गोष्ट कळली आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं. तुम्ही आज खरोखर जिवंत असतात, अण्णा, तर ह्यातलं एक अक्षर मी तुम्हाला कळू दिलं नसतं.