धुतलेला शर्ट

सूनबाई, आशीर्वाद आहेतच.

पोचलो, जेवतोय, काळजी नको. आपला पोरगा ज्या यंत्रावर कामाला होता ते जमिनीखाली आहे, कोणालाच न दिसणारे कण पकडायचं. नवीन आहे आणि भलतंच नाजूक. माणसाच्या घामानंसुद्धा फसतं, म्हणून तिथे सगळं धुऊनच वापरतात.

त्याच सवयीनं, तो गेल्यावर सोबतच्या पोरांनी त्याचा खुंटीवरचा शर्ट धुऊन ठेवला. इस्त्रीही केली. "बाबा, एकदम स्वच्छ आहे हं," म्हणाले. तू न धुतलेला आणायला सांगितलं होतंस, ते काही मी बोललो नाही. पोरं भली आहेत.

छोटी नीट खाते का? तूही खा.

शर्ट घेऊन येतोय. वास घेत बसू नकोस, साबणाचाच येतो. मी बघितला घेऊन.

— बाबा