सावलीतलं काम

चाकूर, रविवार २२ फेब्रुवारी

आईला उन्हातून सावलीत काम मिळालं, याचा मला आनंद का होत नाही?

द्राक्षमळ्यावर पाहुण्यांना फिरवणं ही माझी नोकरी. वाईन चाखायची, बैलगाडीत बसायचं, आणि सगळ्यांचं आवडतं म्हणजे टबात उतरून द्राक्षं तुडवायची. आजपासून त्याआधी गावातली बाई पाहुण्यांचे पाय धुणार, असं मॅनेजरसाहेबांनी ठरवलं. ती बाई म्हणजे आई. कालपर्यंत ती घड तोडत होती.

एकानं पाय पुढे केले आणि मोबाइल बघत राहिला. आईनं त्याच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा धुतल्या. पदरानं पुसल्या.

घरी येताना मी चिडले, तर ती हसली. "जंगमाचे पाय धुतोच की आपण. पाहुणा बी तसाच. लई शिकलीस, म्हणून तुला लाज वाटायली. मला तर बसून काम हाय, बाई."

जंगमस्वामी आमचे गुरू, पाय धुतल्यावर ते तिच्या डोक्यावर हात ठेवतात. याचा हात मोबाइलवर होता. आणि पदरानं का? एक टॉवेल ठेवायचं कुणाला सुचलं नाही?

तिला घरी सोडून मी परत गेले. फाटकावरच्या 'इथे काय काय कराल' या फळ्यावरची पाय धुण्याची ओळ पुसली. खडूनं लिहिलं, 'पाय स्वतः धुवावेत. नळ डावीकडे आहे.' मग साहेबांना फोन करून सांगितलं.

ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मग आईंना उद्यापासून तोडणीवर पाठवतो."

मी "पाठवा" म्हणाले.