दुपारची तुकडी

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. दादाच्या गुडघ्याला उतार आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. त्याला म्हणावं, जिने चढण्याची मर्दुमकी आता पुरे. मी ठीक आहे. खोकला होता, गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी म्हातारपणी गाणं शिकायला घेतलंय, तेव्हा संध्याकाळी माझी काही खैर नसते.

तुझ्या चिंगीच्या बक्षिसाबद्दल तू लिहिलंस, ‘वन्सं, तुमच्या हाताखाली पोरीचं सोनं झालं.’ ते वाचलं आणि मी उठून भांडी घासायला गेले. भांडी घासलेलीच होती.

माझं घर सोडून ती वसतिगृहात का गेली, असंही विचारलंस. परीक्षा जवळ आली, तिथे मैत्रिणींची सोबत आहे, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. ते खरं नाही. ती माझ्यामुळे गेली.

आमच्याकडे बारावीला स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. मुलांनी प्रश्न आपला आपण शोधायचा, उत्तरही आपण शोधायचं. तो विषय कॉलेजात आणला मीच. पहिल्या तासाला मी सांगते, ‘कुणी म्हणतंय म्हणून काही मानू नका. मी म्हटलं तरी नाही. तपासून बघा.’ मुलं हसतात. मलाही ते वाक्य फार आवडायचं.

आणि गेल्या वर्षीचा माझा निबंध तुला आठवत असेल. एका तुकडीला मी छापील टिपणं दिली, दुसरीला सगळं हाताने लिहून घ्यायला लावलं. लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. शिक्षकांच्या परिषदेत माझं कौतुक झालं. प्राचार्यांनी कॉलेजभर छापील टिपणं बंदच करून टाकली. मुलांची बोटं दुखायला लागली आणि माझी मान ताठ झाली.

चिंगीने प्रश्न निवडला तो नेमका हाच. मला सुरुवातीला कोण आनंद! मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, “आत्या, लिहिणाऱ्या तुकडीचा तास कधी असायचा गं?”

“सकाळी पहिला.”

“आणि दुसऱ्या तुकडीचा?”

“मधल्या सुट्टीनंतर.”

“म्हणजे जेवून पेंगत असताना.” ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “मग फरक लिहिण्याचा कशावरून? सकाळचा असेल.”

तिने दोन छोटे गट केले आणि दोघांनाही दुपारीच बसवलं. फरक जवळपास दिसेनाच. मुलं कमी होती, हे तिने स्वतःच कबूल केलं होतं. मोठ्या गटावर पुन्हा करून बघावं, असं शेवटी लिहिलंही होतं. वहिनी, अकरा वर्षांत माझ्या हाती आलेलं ते सगळ्यात स्वच्छ काम होतं. आणि मी काय केलं? प्रयोगशाळेत, तिच्या वर्गासमोर, ते टेबलावर टाकलं आणि म्हणाले, “दहा-बारा पोरं गोळा करून कुणी संशोधक होत नसतं. आत्याच्या घरात राहिलं म्हणून आत्याची अक्कल येत नाही.”

मुलं हसली. ती नाही हसली.

“चूक कुठे आहे, ते दाखव ना,” एवढंच म्हणाली.

चूक नव्हतीच, तर दाखवणार कुठून? मी म्हटलं, “पुन्हा कर. मोठ्या तुकड्यांवर. नीट.”

पुढच्याच आठवड्यात तिने नवा प्रबंध आणून दिला. पूर्ण दोन तुकड्या, सुबक आलेख आणि निष्कर्ष माझा तो तिचा. पण वेळापत्रक माझ्याच हातात असतं. त्या आठवड्यात सराव परीक्षा चालू होत्या, एकही तुकडी मोकळी नव्हती.

मी विचारलं, “मुलं कधी बसवलीस?”

“नाही बसवली.”

“मग हे आकडे?”

“तुला हवे होते ते.”

विद्यार्थ्यांच्या संशोधनाचं प्रदर्शन भरतं, तिथे प्रबंध पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. प्राचार्य दारात उभे राहून म्हणत होते, “झालं का बाई? तुमचंच नाव उजळणार आहे.” आणि मी सही केली. माहीत असताना केली. तुला जे कळवायचं जिवावर आलं होतं, ते हे.

तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी माझाही हात हातात घेतला. चिंगीने व्यासपीठावरून माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच आठवड्यात तिने सामान बांधलं. मी तिला ‘थांब’ म्हटलं नाही, कारण घरात तिच्यासमोर बसणं मलाच नको झालं होतं.

मग तुझं सोन्याचं वाक्य आलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला? मूठ झाकलेलीच ठेवा की.” मग मी प्रदर्शनाच्या समितीलाच कळवलं. तिला बुडवल्याशिवाय मला खरं बोलता येत नव्हतं, म्हणून आधी वसतिगृहावर जाऊन तिला सांगितलं. “सांग,” म्हणाली.

काल समितीने दोघींना बोलावलं. मी म्हटलं, दोष माझा, मी तिला तिथवर ढकललं. तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. “आकडे मी बनवले,” म्हणाली. “आत्याने ‘खोटं लिही’ असं सांगितलं नव्हतं.” मला पाठीशी घालायला नव्हे, जेवढं घडलं तेवढंच सांगायचं, म्हणून.

बक्षीस परत गेलं. तिचं पहिलं काम रसायनाच्या सरांच्या देखरेखीखाली पुन्हा सादर करू देणार आहेत, पण निम्म्याच गुणांवर. त्यामुळे शिष्यवृत्तीचं आता अवघड आहे. माझ्याकडून तो विषय काढून घेतला, ते योग्यच झालं. आज सकाळी वर्गात उभी राहून मी सकाळ-दुपारची माझी चूक फळ्यावर मांडली. मागून एकाने विचारलं, “मग आता टिपणं छापून मिळणार का?”

काल बैठकीनंतर मी चिंगीबरोबर वसतिगृहाच्या फाटकापर्यंत चालत गेले. माफी मागितली. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, “तू वर्गात बोललीस, त्याचा राग जाईल गं आत्या. पण ते आकडे लिहिताना मला काहीच जड गेलं नाही. एका दुपारीत झाले. त्याचीच भीती वाटते.”

यावर तुला काही उत्तर सुचलं तर तिला लिही, मला नको. ती तुम्हाला रविवारी फोन करणार आहे. तिला एकदम रागावू नका, आधी पुरतं बोलू द्या. आणि हे पत्र दादाला वाचून दाखव, मधलं काही न गाळता. तो मला जे बोलेल, तेही न गाळता कळव.

जिच्या भरवशावर तुम्ही पोरगी धाडलीत, ती
तुझी नणंद