‘झपाटा’ प्रमाणित आहे

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं. चहा एकदाच. कुणावर चिडायचं नाही.

सकाळी ९.४०
चिडलो. पण कारण रास्त होतं. एका अँटीव्हायरस कंपनीने आमच्या ‘झपाटा’ला ‘नको असलेला प्रोग्रॅम’ ठरवलंय. मंद कम्प्युटर वेगवान करणारा झपाटा. नोकरी सोडून दोन वर्षं खपून मी केलेला. आता कुणी तो घ्यायला गेलं की पडद्यावर लाल चौकट येते. चाळीस हजार कम्प्युटरवर आहे तो. चाळीस हजार लोकांना नको असेल?
टेस्टरला विचारलं. ऑफिसात आम्ही दोघंच, मी बनवतो आणि ती चुका काढते. ती म्हणाली, एकदा घेतला की काढता येत नाही, म्हणून म्हणत असतील. तिला विनोदाची वाईट खोड आहे.
चहा तीन.

५ फेब्रुवारी
मार्ग सापडला. प्रमाणपत्र. एक संस्था सॉफ्टवेअर तपासते. पास झालं की तुमचं नाव विश्वासू प्रोग्रॅमच्या यादीत जातं, आणि अँटीव्हायरसवाले ती यादी मानतात. मग त्या प्रोग्रॅमबद्दल ओरडायचं नाही, आणि त्याच्यासोबत जे येईल त्याबद्दलही नाही. साहेबांनी वॉचमनला सांगून ठेवावं ना, हे आपलेच आहेत, अडवू नकोस, तसं.
अर्ज भरला. ‘उद्देश’ या रकान्यात ‘लोकसेवा’ लिहिलं. आठ दिवसांत काम होईल.

१९ फेब्रुवारी
परीक्षकांचं पत्र. एकोणीस हरकती.
पहिली: झपाटा प्रत्येक कम्प्युटरमध्ये ४१२ धोके दाखवतो, खोक्यातून आत्ताच काढलेल्या नव्या कम्प्युटरमध्येसुद्धा. टेस्टर म्हणाली, मी हे सप्टेंबरातच सांगितलं होतं. मी म्हणालो, झपाटा पुढचे धोकेही धरतो. तिने उठून खिडकी उघडली.
दुसरी: सोबत येणारी सर्च पट्टी. ती भागीदार कंपनीची. प्रत्येक कम्प्युटरमागे ते पैसे देतात, तिच्यावरच तर ऑफिस चालतं. परीक्षकांचं म्हणणं, ‘पट्टी हवी’ या चौकोनात टिक आधीच केलेली असते, माणसाला विचारलं जात नाही. पाहुण्यापुढे पाण्याचा पेला आपण विचारून ठेवतो का? तसं उत्तर लिहिलं. टेस्टरने ते पाठवू दिलं नाही.
उरलेल्या सतरा उद्या वाचेन.

८ मार्च
सतरा अजून वाचल्या नाहीत. ताईकडे गेलो होतो.
ताई शिवणवर्ग चालवते, तीस वर्षं. सध्या कटिंगचं पुस्तक लिहितेय. दोनशे बारा पानं टाइप झालीत, सगळी मापं, सगळ्या आकृत्या. जूनअखेर प्रकाशकाला द्यायचंय. तिच्या कम्प्युटरवर झपाटा मीच टाकलाय. ती म्हणाली, रोज सकाळी ती लाल चौकट येते रे, काय आहे ते? मी म्हणालो, मोठ्या कंपन्यांचा जळफळाट. ती म्हणाली, मला भीती वाटते, सगळं पुस्तक यातच आहे. तिला सांगितलं, प्रमाणपत्र आलं की हे ओरडणं बंद. ती म्हणाली, तू म्हणतोस तर.
माणसाने विश्वास ठेवावा तो असा. टेस्टरला हे सांगायला हवं.

२ एप्रिल
हरकती मान्य. ४१२ धोके गेले. पट्टी गेली. ‘काढून टाका’ हे बटण आता पहिल्याच पानावर, आणि ते चालतं. स्वच्छ व्हर्जन परीक्षकांना पाठवलं. टेस्टर म्हणाली, आता हा चांगला प्रोग्रॅम आहे. मला तो भादरलेल्या कुत्र्यासारखा दिसतो.
तात्पुरती माघार. मोठ्या माणसांना घ्यावी लागते.

२१ एप्रिल
मिळालं. प्रमाणपत्र मिळालं. छापून, फ्रेम करून भिंतीवर लावलं. दोनदा काढून पुन्हा सरळ केलं. ताईचा फोन आला, लाल चौकट गेली, म्हणाली, कसं शांत वाटतंय. आवाजावरून खूश होती.
संकल्प: आता रोज व्यायाम.

२६ एप्रिल
भागीदार कंपनीच्या माणसाचा फोन. पट्टी कुठे गेली, विचारत होता. बरोबर आहे त्याचं. त्यालाही वर उत्तर द्यायचं असतं.
प्रमाणपत्र नीट वाचलं. झपाटा चांगला आहे असं त्यात लिहिलंय. झपाट्याने पुढे वाढू नये, असं कुठेच लिहिलेलं नाही.

२८ एप्रिल
छोटं अपडेट सोडलं. पट्टी परत आली, टिकसकट. यादीत नाव असल्याने कुठल्याही अँटीव्हायरसने हूं की चूं केलं नाही. सगळीकडे हिरवं.
टेस्टर म्हणाली, परीक्षकांना कळवा. म्हणालो, कळवतो. ती म्हणाली, माझ्यासमोर कळवा. मी काय शाळेत आहे का? तिने राजीनामा टेबलावर ठेवला. तीन ओळी, आणि त्यातही एक चूक नाही. मोठ्या कामाचा ताण सगळ्यांना झेपत नाही.

११ मे
परीक्षकांना उद्या कळवायचं.
ऑफिसात फार शांत वाटतं. खुर्च्या बदलून पाहिल्या. तिच्या खुर्चीवर बसलो तर दाराकडे पाठ होते. कशी बसायची कोण जाणे.

२७ मे, सकाळी ८.१५
ताईचा फोन. एकही फाइल उघडत नाही. प्रत्येकीच्या नावामागे वेडीवाकडी अक्षरं, आणि पडद्यावर चिठ्ठी: पैसे भरा, मग किल्ली मिळेल.

दुपारी १.३०
जाऊन आलो. दोनशे बारा पानं, सगळी गेली. विचारलं, ताई, तू काय दाबलंस? ती म्हणाली, काहीच नाही. मी म्हणालो, विजेचा दाब कमीजास्त झाला असेल. मग म्हणालो, कुणीतरी पेन ड्राइव्ह लावला असेल.  हातातली कात्री तिने खाली ठेवली नव्हती.
आणि अँटीव्हायरस? कोपऱ्यात हिरवी टिक लावून मजेत बसलेला. हीच खरी हलगर्जी. त्या कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं: माझ्या बहिणीचं आयुष्यभराचं काम लुटलं जात असताना आपण झोपला होतात काय? उत्तर येईपर्यंत चैन पडणार नाही.

३० मे
उत्तर आलं. फार सभ्य आहे. भागीदार कंपनीच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं. तिथून हे सगळं सर्च पट्टीतून खाली आलं. पट्टी एका प्रमाणित प्रोग्रॅमसोबत आली होती, त्यामुळे त्यांचा अँटीव्हायरस गप्प राहिला. प्रोग्रॅमचं नाव झपाटा. शेवटी लिहिलंय, असं गप्प राहण्याची विनंती आपल्याच अर्जातून आली होती.
चार वेळा वाचलं. कुठे काही चुकलंय का बघितलं. खोलीत फेऱ्या मारल्या. फ्रेम काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

३१ मे
ताईला सांगायला गेलो. पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो. तिच्या मशीनला तेल घातलं. ती म्हणाली, परवाच घातलं होतं. परत आलो.

१ जून
पुन्हा गेलो. वर्ग चालू होता. बायकांसमोर कसं सांगणार? पोलक्याची मुंढा-गोलाई, म्हणजे बाही जोडायची जागा, कशी कापतात ते शिकून आलो.

२ जून, सायंकाळी ६
सांगितलं.
ताई कापडावर खडूने रेघ ओढत होती. मी सगळं सांगितलं: पट्टी, टिक, यादी, परीक्षकांना न कळवणं. मध्ये ‘तांत्रिकदृष्ट्या’ म्हणालो, मग तो शब्द मागे घेतला. तिने रेघ शेवटपर्यंत नेली. मग विचारलं, हा आणखी किती जणांकडे आहे? मी म्हणालो, चाळीस हजार. ती म्हणाली, त्यांना सांगितलंस? मी म्हणालो, आधी तुला सांगावंसं वाटलं. ती म्हणाली, माझं जायचं ते गेलं. आधी त्यांना सांग, मग इथे ये.

३ जून, सकाळी
सूचना लिहिली. दीड पान झाली. टेस्टरला फोन केला. मला वाटलं उचलणार नाही, पण उचलला. वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ काढा. काढलं. ‘आमच्या असंख्य समाधानी ग्राहकांना’ काढा. काढलं. शेवटी उरलं ते असं: झपाटा ताबडतोब काढून टाका, त्यातून धोकादायक प्रोग्रॅम आला आहे, चूक आमची आहे. चाळीस हजार कम्प्युटरवर पाठवली. पट्टी बंद केली. परीक्षकांना कळवलं. अकरा वाजता त्यांचं उत्तर, प्रमाणपत्र रद्द. बारा वाजता अँटीव्हायरसवाल्यांचं, झपाटा आजपासून सगळीकडे अडवला जाईल. दोघांचे आभार मानले.
टेस्टरला विचारलं, परत येणार का? ती म्हणाली, नाही.

सायंकाळी ५
ताईकडे गेलो. ती टाइप करत होती. तिच्याकडे जुन्या वह्या आहेत, पेन्सिलीने लिहिलेल्या, त्यांतून सगळं पुन्हा. पहिलं पान. प्रकाशकाने डिसेंबरपर्यंत मुदत वाढवून दिलीय. म्हणालो, मी वाचून दाखवतो, तू टाइप कर, दुप्पट वेगाने होईल. खांदा, छाती, बाही. दोन मापं अर्ध्या इंचाने चुकीची वाचली. तिसऱ्यांदा तिने टाइप करणं थांबवलं.
म्हणाली, तू वाचू नकोस. वही नुसती उभी धर.
धरली. सात पानं झाली.