डार्करूममध्ये बसणारी बाई

परभणी,
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय वैशू,

आम्ही खुशाल आहोत. लेकराचा खोकला गेला. वाल्मीक गावाकडं हरभरा काढायला गेलाय, म्हणून आज घर जरा शांत आहे. पुण्यात ऊन लागायलंय का? इथं पंखा फिरला तरी गरम वाराच येतो.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली असशील. फोनवर तू मला पटवलं असतंस, म्हणून लिहिते.

परवा विज्ञान दिन झाला. पाहुण्यांना ओवाळायचं ताट माझ्याच हातात. आमच्या भौतिकशास्त्र विभागात बाई मी एकटीच, त्यामुळं हे काम न सांगताच माझं. रांगोळीही मीच काढली. 'मुलींनी विज्ञानात यावं' असं बालाजीनं भाषण केलं. चांगलं बोलला.

बालाजी म्हणजे माझा जुना विद्यार्थी. तो आता विभागप्रमुख आहे, हे मात्र तुला सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर पक्क्या जागेची मुलाखत झाली. मी पीएच.डी., पेपर, सगळं मांडून बसले होते. समोरच्या एका सरांनी विचारलं, "घरी लहान मूल आहे, मग संध्याकाळची प्रॅक्टिकलं कशी घेणार?" इतकी वर्षं ती कोण घेतंय, हे मी सांगितलं. ते हसले. "तसं नाही हो, मॅडम." जागा बालाजीला मिळाली. जुने सर निवृत्त झाल्यावर विभागात पक्का तोच एक, म्हणून प्रमुखही तोच. पोरगा वाईट नाही, अजून माझ्या पाया पडतो. आणि मी अजून तासिका तत्त्वावरच.

त्यामुळं तुझा निरोप आला तेव्हा मी रडले. 'माझ्या प्रकल्पात ये, तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय.' वाल्मीक लगेच म्हणाला, "जा. पोराचं मी बघतो." मी मनानं निघालेच होते.

मग साक्षी यायची थांबली.

साक्षी पिंगळीची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र घेतलेली एकुलती एक मुलगी. रोज रेल्वेनं ये-जा करते. प्रकाशाचे प्रयोग आमच्याकडं डार्करूममध्येच होतात, काळे पडदे ओढून, सोडियमच्या पिवळ्या दिव्यावर. पहिल्यांदा न्यूटनची वलयं दिसली तेव्हा ती ओरडलीच, "मॅडम, बांगडीत बांगडी दिसायलीय!" मग जागची हलेना. मागची पोरं ताटकळली.

त्याच खोलीवरनं गावात कुणीतरी बोललं. पोरगी अंधारात पोरांसंगं असती म्हणे. बापानं तिचं कॉलेज बंद केलं. मी बालाजीला म्हणाले, तिची वेगळी बॅच करू. तर म्हणाला, "एका पोरीसाठी? बॉटनीला टाका की, मॅडम. तिकडं मुली लय आहेत."

मागच्या रविवारी पिंगळीला गेले. पुण्याला जायच्या आधी एकदा समजावून बघू, एवढंच मनात होतं. तिचे वडील चंद्रभान यांनी बाज टाकली, चहा सांगितला. म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मॅडम, आमाला काय कळत न्हाई का? पर लोकाचं तोंड कसं धरावं?"

साक्षी भिंतीला टेकून, मान खाली घालून उभी. तिची आई सुमनबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"त्या खोलीत तुमी असता का?" त्यांनी एकदम विचारलं.

"असते."

"मंग ही पास होस्तोर तुमी ऱ्हाताल का? ऱ्हाणार असाल तर मी धाडते. ह्यायला मी बघते."

साक्षीनं तेव्हा मान वर केली. मी तिला बॉटनी घे म्हणू शकले असते. मी आता पुण्याला चाललेय, हेही सांगता आलं असतं. तोंड उघडलं, आणि "राहीन" म्हणाले.

सोमवारी ती आली. तिचं प्रॅक्टिकल असलं की मी डार्करूममध्ये स्टूल टाकून बसते. ती रीडिंग घेते. बाकी काही नाही.

मी फार मोठं काही केलं, असं समजू नकोस. मला आनंदही झाला नाही. पिंगळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना नुसता शीण आला. एका पोरीनं प्रयोग करावा म्हणून एका बाईनं अंधारात बसून राहायचं, हे कुठवर? पण एम.एस्सी.ला तू होतीस म्हणून मी टिकले, वैशू. तिला कुणीच नाही.

अजून एक. जूनमध्ये मला तासिका मिळतील का, हे बालाजीच्या हातात आहे. शब्द देताना सुमनबाईंना हे सांगितलं नाही. उद्या त्याच्याकडं जाणार आहे. त्याच्यापुढं उभं राहून मागायचं कसं, तेवढं अजून जमवायचंय.

तुझ्या प्रकल्पातली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दे. माझ्यासाठी रिकामी ठेवू नकोस. ती रिकामी आहे हे माहीत असलं, तर मला इथं बसवणार नाही.

तुझी,
इथंच राहणारी
अर्पिता